रामरथापुढची उलटी पावलं

त्या वर्षी मी रामाशी अबोला धरला होता. भांडण काढलं नाही, कारण भांडायला निदान समोर जाऊन उभं राहावं लागतं. आमचं घर पंचवटीत, काळारामाच्या देवळापासून दोन गल्ल्या सोडून. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळचं दूध तापवलं की मी देवळात डोकावून यायची. केस बांधायला वेळ नसला तरी दर्शन चुकलं नाही. आणि एक दिवस माझ्या एकुलत्या एक पोरीला, ऋतुजाला, रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून मी तिकडे पाय टाकला नाही. औषधाच्या दुकानात जायचं तरी मी लांबच्या गल्लीनं जाऊ लागले, म्हणजे देवळाचा कळस दिसायला नको. देवाचं काय, काळ्या पाषाणात उभं राहायचं आणि आमची गंमत बघायची, असं मी एकदा ह्यांना म्हणाले. हे पेपर चाळत राहिले. सातपूरला कंपनीत मशीनच्या आवाजात दिवस काढून ह्यांना घरात गप्प बसायचीच सवय झाली आहे.

ऋतुजा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आधी नुसता थकवा, मग पायांवर मार न लागता निळे डाग, मग उतरायचं नाव न घेणारा ताप. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून शांतपणे समजावलं होतं की या वयात हा आजार बरा होण्याची आशा चांगली आहे, फक्त उपचार लांबलचक आहेत, धीर धरावा लागेल. पण मी आजाराचं नाव ऐकलं आणि पुढचं काहीच ऐकलं नाही. घरी येऊन शिलाई मशीनवर बसले. मी बायकांचे ब्लाउज शिवते. त्या दिवशी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

इंजेक्शनांचे पहिले फेरे झाल्यावर पोर घरी आली ती ओळखू येईना. गोळ्यांनी गाल सुजलेले, डोक्यावर केस नाहीत, आणि पाय मात्र काटकुळे. आता अशा शरीराचं काय करायचं? मला बाईच्या अशक्त शरीराची एकच सेवा येत होती, ती म्हणजे बाळंतपण. माझ्या दोन्ही वहिन्यांची बाळंतपणं मी काढली आहेत. तेच मी लेकीला लावलं. खाट भिंतीच्या कोपऱ्यात, खिडक्या बंद, कानाला रुमाल, पायात मोजे. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, गरम गरम मऊ आटवल भात. डॉक्टरांनी ताजं शिजवलेलं अन्न आणि उकळलेलं पाणी द्या असं सांगितलं होतं, त्यामुळे मला वाटलं माझंच बरोबर आहे. तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नव्हते. ती म्हणायची, "आई, मी बाळंतीण नाहीये गं." मी म्हणायची, "गप पड. वारं लागेल." तिलाही सुरुवातीला ते बरंच वाटलं असणार, कारण ही मुळातच आळशी. शाळेत पीटीचा तास आला की हिच्या पोटात दुखायचं.

मग एका दुपारी ती न्हाणीघराकडे निघाली आणि वाटेत तिच्या पायातली सपात गळून पडली. तिला कळलंच नाही. एका पायात सपात, एक पाय उघडा, तशीच चालत राहिली. पावलाचा पुढचा भाग फरशीवर घासत होता. उंबऱ्याला अडकली आणि माझ्या अंगावर पडली. डॉक्टर म्हणाले, एका औषधाचा पायांच्या नसांवर असा परिणाम होतो, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, पण ते औषध आता सोडून चालणार नाही. आणि मग त्यांनी विचारलं, ही दिवसभर करते काय? मी अभिमानानं सांगितलं की मी हिला खाटेवरून खाली उतरूच देत नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "ताई, नसांचं औषधानं झालंय, पण स्नायू पडून राहून गेलेत. हिला उठवा." अति तेथे माती म्हणतात ती अशी.

त्यांनी आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे पंचविशीची मुलगी, हिलाच कोणीतरी चार दिवस खाऊ घालावं अशी. मनात म्हटलं, ही काय शिकवणार! पण तिचं बोलणं गोड होतं. "काकू, ताप असेल किंवा रक्तातल्या पेशी फार उतरल्या असतील त्या दिवशी आराम. मला आधी फोन करायचा. बाकीच्या दिवशी थोडं थोडं हलायचंच. हा थकवा पडून राहिल्यानं जात नाही, वाढतो." खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. बसल्या बसल्या पावलाचा चवडा आपल्याकडे ओढायचा. एवढंच. मला वाटायचं, कॅन्सरच्या पोरीला उठाबशा काढायला लावतात, हे काय दिवस आले! पण मी खिडक्या उघडल्या, आणि कानाचा रुमालही ऋतुजानं मला न विचारता एक दिवस काढून टाकला.

हळूहळू तिला त्याची गोडी लागली. पीटीला पोट दुखणारी माझी पोर सकाळी उठून स्वतः खुर्ची मधोमध ओढू लागली. इंजेक्शनानंतरचे दोन-तीन दिवस फार वाईट जायचे, उलट्या, तोंडात फोड. पण त्यातून डोकं वर काढलं की ती आधी पाय हलवून बघायची. कॉलेजचा जिना आपल्या पायांनी चढायचा, हे तिनं मनात धरलं होतं. मला तिनं सांगितलं नव्हतं, मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी ऐकलं.

आणि मग मॅडमनी तो व्यायाम सांगितला. स्वयंपाकाच्या ओट्याला एका हातानं धरायचं, मागे कोणीतरी उभं राहायचं, आणि उलट चालायचं. मागे मागे. त्यानं तोल सावरतो, पाऊल उचलायची सवय लागते. मी तिथल्या तिथे म्हटलं, "हे आमच्या घरात होणार नाही." माझं माहेर निफाडकडचं. आमच्याकडे पोर खेळता खेळता जरी उलट्या पावलांनी चाललं तरी मोठी माणसं ओरडायची. उलटी पावलं हडळीची. उलटं चाललं की घरावर काहीतरी येतं. आता आणखी काय यायचं राहिलं होतं, असं कोणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, पण भीती कधी हिशोबानं चालत नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं काकू. पण मग तोल कशानं यायचा?" मी म्हटलं, "दुसरं काहीतरी सांगा." ऋतुजा सगळ्या वाटेत रिक्षाच्या बाहेर बघत होती. घरी आल्यावर मात्र बोलली. म्हणाली, "आई, तुला मी चालती फिरती हवी आहे, का नुसती खाटेवर जिवंत हवी आहे?"

मी कुकर लावला.

दोन दिवसांनी मी कापड आणायला बाहेर गेले असताना तिनं एकटीनंच करून बघितलं. मागे धरायला कोणी नाही. टाच पायपुसण्यात अडकली आणि ती ओट्याच्या कोपऱ्यावर आदळली. हाड मोडलं नाही, ही त्याची कृपा, पण कमरेपासून मांडीपर्यंत सगळं काळंनिळं झालं. पेशी कमी असताना तसा मार म्हणजे केवढी धास्ती! धावत दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, सगळं निभावलं. आणि परत आल्यावर मी काय म्हणावं? "बघ, सांगत होते ना." एवढं बोलले मात्र, ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर तिनं खुर्ची ओढली नाही. डाग गेले, दुखणं गेलं, मॅडमनी फोन केले, डॉक्टरांनी समजावलं की असंच राहिलं तर पाऊल पुन्हा उचलणं फार जड जाईल. पण तिनं सगळंच सोडून दिलं होतं. आता मी म्हणत होते, बाळा उठ, आणि ती म्हणायची, "नको. वारं लागेल." माझेच शब्द मला द्यायची. मी न्हाणीघरात जाऊन रडत असे. मला कळून चुकलं की आजारानं नेली नाही ती पोर मी माझ्या हातानं खाटेला बांधून ठेवली आहे, आणि आता ती गाठ माझ्याच्यानं सुटत नाहीये.

असं सगळं असताना चैत्रातली कामदा एकादशी आली. नाशिककरांना सांगायला नको, त्या दिवशी काळारामाचा रथ निघतो. आमच्या गल्लीत सकाळपासून सडे, रांगोळ्या, ढोल. ऋतुजाला गर्दीत न्यायचं नव्हतंच, आणि मला जायचं नव्हतं. पण एका गिऱ्हाईक बाईचा ब्लाउज अडकला होता. तिला तो घालून रथाला ओवाळायचं होतं, दुपारपासून तिचे तीन फोन आले. हे घरात होते. ऋतुजा म्हणाली, "जा तू. मी काय पळून जाणारे?" मी पिशवी उचलली आणि निघाले. ब्लाउज दिला आणि परत फिरले तोच समोरून रथ आला. व्यायामशाळेची पोरं दोर ओढत होती, फुलं उधळली जात होती, जयजयकारानं कानठळ्या बसल्या. मी एका दुकानाच्या पायरीवर चढावं म्हटलं तर पायरीवर पाय ठेवायला जागा नाही. लोटालोटीत मी कडेची पार पुढे, रथाच्या वाटेवर आले. पोरं शिट्ट्या मारत होती, "मागे सरका, मागे सरका!"

मी वळायला गेले तर वळता येईना. इतक्यात पाठीवर कोणाचातरी हात आला. मागून बाईचा आवाज, खेड्यातला. "वळू नका बाई, पडाल. तशाच या मागं. मी हाय." हात चांगला राकट आणि भक्कम होता. माझ्या हातातली पिशवी छातीशी धरून मी मागे पाऊल टाकलं. मग आणखी एक. समोर रथ, रथात फुलांनी झाकलेला राम, आणि माझी नजर इतक्या महिन्यांनी त्याच्यावर गेली. जायलाच हवी होती, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. मागची बाई सांगत होती, "या, खड्डा हाय, जरा उजवीकडं. हां, या बिनघोर." आणि मी येत होते.

रथापुढे रथाचे मानकरी चालतात, पांढऱ्या पोशाखात, हात जोडून. रथ जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत ते देवाकडे तोंड करून उलट्या पावली चालतात. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी मी हे बघते आहे. त्यांना नमस्कारसुद्धा केला आहे. त्या दिवशी ते माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. मध्येच रस्त्याच्या उंचवट्यावर त्यांचा पाय अडखळला आणि ते मागे झुकले. मागच्या माणसांनी अलगद धरलं, सरळ केलं. त्यांनी मान वळवून बघितलंही नाही. डोळे देवावर, पाऊल मागे. तेव्हा माझं लक्ष माझ्याच पायांकडे गेलं. आधी चवडा टेकत होता, मग टाच. चवडा, मग टाच. मॅडमनी ओट्यापाशी करून दाखवलं होतं अगदी तसंच.

अगं बाई! मी मोठ्यानंच म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या पावलांना मी अभद्र म्हणून घरात येऊ दिलं नाही, ती पावलं माझ्या दारावरून दरवर्षी देवापुढे जात होती. मी रडायला लागले. शरम वाटावी इतकी रडले. रथ वळणावर गेला, गर्दी सैल झाली, तेव्हा मी मागे वळून त्या बाईला बघितलं. साठीची असेल, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात नारळाची पिशवी. सायखेड्याहून दरसाल रथाला येते म्हणाली. "का रडता?" असं तिनं विचारलं आणि मी एका दमात तिला सगळं सांगून टाकलं, अनोळखी बाईला, भर रस्त्यात. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाली, "लय घाबरता तुम्ही. पाठीला डोळे नाय, पर मागं मानसं हाय ना. पोरीला एकटी नका सोडू, बास." आणि तिच्या बरोबरच्या बायकांनी हाक मारली तशी ती गेली. नाव विचारायचं राहून गेलं. तिला कोणी पाठवलं, का ती आपली सहज तिथे होती, याचा मी फार विचार करत नाही. त्या दिवशी मला हात हवा होता आणि तो पाठीवर आला, एवढं मला पुरतं.

घरी आले तर ऋतुजा तशीच, भिंतीकडे तोंड. मी तिला उठ म्हटलं नाही. पिशवी ठेवली, पाय धुतले, देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि हात जोडून मागे मागे निघाले. आमची खोली ती केवढी! चार पावलांत शिलाई मशीनवर आपटले, कात्री खाली पडली. ऋतुजा उठून बसली. "आई, काय करतेयस?" मी म्हटलं, "रथ निघालाय. हो बाजूला." ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि हे माझ्या मागे येऊन उभे राहिले, हात पुढे करून. मी पुन्हा निघाले आणि ह्यांच्या पायावर पाय दिला. हे ओरडले. आणि माझी लेक हसली. इतके दिवस तोंडातले फोड, सुजलेले गाल, उतरलेला चेहरा बघून मी विसरूनच गेले होते की हिला हसताना डाव्या गालावर खळी पडते. मग मी खाटेवर तिच्याजवळ बसले आणि तिला सांगितलं की मी घाबरले होते, फार घाबरले होते, आणि भीतीला मी माया म्हणत होते. ती म्हणाली, "माहितीये मला." बस, तेवढंच. पण भिंतीकडे पुन्हा वळली नाही.

मॅडमना फोन केला, आधी रक्त तपासलं, पेशी ठीक आल्या तेव्हाच सुरुवात केली. रोज सकाळी देवपूजा झाली की ऋतुजा देव्हाऱ्यासमोर उभी राहायची, निरांजनाकडे बघत मागे पाऊल टाकायची, आणि तिच्या पाठीवर माझा हात. मॅडमना ही गंमत सांगितली तर त्या खूप हसल्या, आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बघायला समोर एक ठिकाण आहे ते छान झालं. फक्त पायपुसणं काढा, आणि पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला." मी घरातली सगळी पायपुसणी उचलून माळ्यावर टाकली. वाईट दिवस मधे मधे येतच राहिले. कधी ताप, कधी दवाखान्यात भरती, कधी आठवडाभर काहीच नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पूर्वी मी अशा वेळी हातपाय गाळून बसायची. आता मी सकाळी निरांजन लावून एवढंच म्हणायची की रामा, आज उठली तर उठली, नाही तर आम्ही इथेच आहोत. तिच्या पावलांवर माझी सत्ता नव्हती. मला फक्त मागे उभं राहायचं होतं. हे कळायला मला एवढा मोठा रथ अंगावर यावा लागला.

पावसाळा सरता सरता तिचं पाऊल उचलायला लागलं. घासण्याचा आवाज यायचा तो बंद झाला. आता उपचार हलके झालेत, गोळ्या चालू आहेत, तपासण्या चालू आहेत, डोक्यावर कुरळे केस आलेत जे आमच्या घराण्यात कोणाचेच नाहीत. पुढचं त्याच्या हातात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना विचारून आम्ही तिला काळारामाला घेऊन गेलो. दुपारची वेळ निवडली, देऊळ रिकामं होतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. मग तिनं हात जोडले आणि सवयीनं मागे पाऊल टाकलं. सवयीनंच माझा हात तिच्या पाठीवर गेला. थंडगार काळी फरशी, बाहेर पायऱ्यांपाशी हे उभे, आणि आम्ही दोघी मागे मागे निघालेल्या. निम्म्या वाटेत ती देवावरची नजर न काढता म्हणाली, "आई, हात काढ."

मी म्हटलं, "पायऱ्या आहेत गं मागे." ती म्हणाली, "बाबा सांगतील. काढ."

मी हात काढला आणि बाजूला झाले. ती माझ्यासमोरून मागे मागे गेली, एकटी, चवडा, मग टाच, जराशी डुलत. मी रामाकडे बघितलं. माझा हात तसाच हवेत होता. रिकाम्या हाताचं काय करावं ते कळेना, म्हणून मी तो दुसऱ्या हाताला जोडला, आणि होते तिथेच उभी राहिले.